जपानमधली फेब्रुवारी स्टेक्स ही घोड्यांची रेस डर्टवरची आहे तर घोडे गवतावरून का सुटतात?

बरोबर बघितलंत, चूक नाहीये ती. टोकियो रेसकोर्सवर १६०० मीटरच्या रेसचं सुरुवातीचं गेट गवताच्या पट्ट्यावर येतं, तिथून घोडे पळत डर्टवर येतात, आणि बाहेरच्या गेटवाल्यांना गवत जरा जास्त मिळतं म्हणून सुरुवातीला वेग पटकन पकडता येतो. डर्ट म्हणजे आपल्याला वाटते तशी माती पण नाही हां, जपानात ती वाळूच असते. १९८४ ला ही हॅंडिकॅप रेस (म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन) म्हणून सुरू झाली, १९९७ पासून जी-वन, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची. आणि पैसे लावताना जपून, २०१४ ला १६ घोड्यांत सगळ्यात कमी पसंतीचा कोपानो रिकी जिंकला, वर २०१५ ला परत तोच, तेव्हा मात्र फेव्हरिट होता!