विवरातल्या देवळांचे फोटो काढताना

प्रिय पोरी,

तुझे फोटो पाहिले. लोणारच्या विवरातली पडकी देवळं तू मन लावून टिपली आहेस, पण दगड सगळा धुरकट, राखाडी आला आहे. चूक कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरची आहे. समोर काहीही असो, तो त्याला मधल्या राखाडी छटेवर आणू पाहतो आणि आपला काळा फत्तर उगाच उजळतो. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप कमी ठेव, म्हणजे आत येणारा उजेड जवळपास निम्म्यावर आण. दगड काळा आला की मगच शेवाळाची हिरवी झाक उठून दिसते.

वेळही चुकली. विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद, सव्वाशे मीटरांहून खोल. काठाआड सूर्य सकाळी उशिरा दिसतो, संध्याकाळी लवकर जातो. तिरपं ऊन दगडाला चाटून जातं ती मोजकी मिनिटं धरायची. झिजलेल्या मूर्तीची बोटं, कमरपट्टा तेव्हाच सावलीतून वर येतो. भर दुपारी तीच मूर्ती नुसता धोंडा वाटते.

गाभाऱ्यात फ्लॅश मारू नकोस. वटवाघळं बिथरतात आणि कोरीवकाम सपाट होतं. मी पांढरं उपरणं नेतो. दाराशी उन्हाचा पट्टा पडतो तिथे ते पसरलं की मऊ उजेड छतापर्यंत चढतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100, भिंगाचं छिद्र एफ 8. शटरला दहा सेकंद लागले तरी लागू देत. संरक्षित स्मारकात ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती आधी काढ. तोंडाला मास्क हवाच, वटवाघळांच्या लेंडीची धूळ फुफ्फुसाला बाधते. आत शिरण्याआधी वर बघ. आग्या मोहोळ दिसलं तर मुकाट्याने मागे फीर. आणि ते अभयारण्य आहे, एकटी उतरू नकोस.

आता खरं सांगायचं ते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी आमच्याकडच्या एका शेतातलं हेमाडपंती देऊळ टिपायला गेलो होतो. शिखर कधीच पडलेलं, सभामंडपाचे खांब तेवढे उभे. चुना न वापरता दगडात दगड बसवलेला, त्यामुळे सांध्यात पिंपळाचं मूळ शिरलं की अख्खी भिंत हळूहळू फाकते. तेच मला दाखवायचं होतं. उंबऱ्यावर एक मातीची पणती होती. मला चौकट मोकळी हवी होती, म्हणून मी ती उचलून बाजूला ठेवली आणि फोटो काढला.

तेवढ्यात तुरीतून एक आजी आली. पणती पाहून थबकली. "बाबू, दिवा कायले हालवला? माही सासू बी इथंच लावे." रागावली नाही. पदराने पणती पुसली आणि जागेवर ठेवली. तेव्हा मला तिथला खळगा दिसला. पणतीच्या बुडाएवढा, गोल, तेल मुरून काळा कुळकुळीत झालेला. दगडाला तो पडायला किती दिवे लागले असतील! माझ्या फोटोत तो खळगा आहे, दिवा नाही. ते देऊळ ओसाड नव्हतं, मी त्याला ओसाड केलं होतं.

तेव्हापासून मी आधी शेतमालकाला विचारतो, इथे दिवा कोण लावतं, आणि मग कॅमेरा काढतो. शेंदूर, पताका, नारळाची करवंटी, सगळं असेल तसं घ्यायचं. नक्षी उठून दिसावी म्हणून मूर्तीवर पाणी मारायचं नाही. दरवर्षी दिवाळीनंतर, गवत वाळू लागलं की, त्याच जागी उभं राहून एक फोटो घे आणि तारीख लिहून ठेव. मूळ किती सरकलं ते त्यातूनच कळतं.

सुट्या मूर्तीचा फोटो कुणाला पाठवताना लोकेशन काढून टाक, चोरांना वाट दाखवू नकोस. पण एक संच गावात ग्रामपंचायतीत दे. मूर्ती गेलीच, तर ओळख पटवायला तोच कामी येतो.

दिवाळीनंतर येतेस तर त्या शेतात जाऊ. आजी आता नाही, सून दिवा लावते. तिला मी विचारून ठेवलं आहे. ती म्हणाली, सांजेला या, दिवा लागल्यावर. उपरणं मी आणतो, ट्रायपॉड तुझा.

तुझा,
काका