जुन्या रॉक बँड्सनी नवीन अल्बम काढणं थांबवावं का?

तुम्ही विचारलंय की मेटॅलिकाचा '७२ सीझन्स' अर्ध्यात बंद केला, आता या म्हाताऱ्या बँड्सनी नवीन काही काढूच नये, जुनी हिट गाणी वाजवत टूर कराव्यात, असं वाटतंय ते चूक आहे का. चूक काय त्यात, मी पण पहिल्यांदा तो अर्ध्यातच बंद केलेला, आणि मी रिलीजच्या रात्री जागून हेडफोन लावून बसणाऱ्यांपैकी आहे. पण थांबवावं हे काही मला पटत नाही. माझ्या मते भानगड वयाची नाहीच, लांबीची आहे.

२०२३ चा हा अल्बम ७७ मिनिटांचा आहे, १२ गाणी. त्याच बँडचा १९८६ चा 'मास्टर ऑफ पपेट्स' बघा, ८ गाणी आणि जेमतेम ५५ मिनिटं. एलपीच्या, म्हणजे जुन्या मोठ्या तबकडीच्या, एका बाजूला २०-२२ मिनिटं आरामात मावतात, ओढूनताणून २७-२८, त्याच्या पुढे कोंबायला गेलं की खाचा एकमेकींना चिकटायला लागतात, आवाज बारीक करावा लागतो आणि आधी बेसची वाट लागते. म्हणजे एक गाणं आत घ्यायचं तर दुसरं बाहेर काढायचं, यावरून बँडमध्ये भांडणं व्हायची, आणि ती झालेलीच बरी होती. मग सीडी आली, ७४ मिनिटं, पुढे ८०, जागा आहे ना मग भरा. आणि स्ट्रीमिंगला तर काठच नाही. त्यात बँड नवीन असताना प्रोड्युसर, मॅनेजर, कंपनीतला कोणीतरी खडूस माणूस 'हे नको' म्हणायला असतो. ४० वर्षांनंतर मेटॅलिका चालवणाऱ्या हेटफिल्ड आणि उलरिकला कोण सांगणार की बाबांनो रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) भारीये, पण या गाण्यात तो आता सहाव्यांदा आलाय? कोणी सांगत नाही. तिथेच तुमचा आणि माझा हात स्किपकडे जातो.

उलटं उदाहरण एसी/डीसीचं. 'बॅक इन ब्लॅक' १९८० चा, ४२ मिनिटं. 'पॉवर अप' २०२० चा, ४१ मिनिटं. ४० वर्षांत फरक एका मिनिटाचा! मधे काय काय झालं तर गायक ब्रायन जॉन्सनला कानाच्या त्रासामुळे २०१६ ची टूर अर्धवट सोडावी लागली, २०१७ मध्ये गिटारिस्ट माल्कम यंग गेला, तरी 'पॉवर अप'मधल्या सगळ्या गाण्यांवर त्याचा भाऊ अँगस आणि माल्कम दोघांचं नाव आहे कारण ती दोघांनी मिळून जमवून ठेवलेल्या रिफ्सवरच उभी केलीत. एकच अल्बम परत परत काढतात अशी लोक त्यांची टर उडवतात, उडवू देत, निदान पाहुणे वेळेत घरी जातात.

आता रोलिंग स्टोन्स. २००५ नंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम थेट २०२३ ला, 'हॅकनी डायमंड्स', मधे २०१६ ला ब्लूजच्या जुन्या गाण्यांचा एक झाला तेवढाच. मधली सगळी वर्षं स्टुडिओत जायचं, थोडं वाजवायचं, अर्धवट सोडून यायचं असं चालू होतं. शेवटी गायक जॅगरने डेडलाइन ठरवली आणि अँड्र्यू वॉट नावाचा प्रोड्युसर आणला, वयाने त्यांच्या नातवाला शोभेल असा, आणि ४८ मिनिटांत विषय संपवला. मला अख्खा आवडतो असं नाही, जरा जास्तच चकचकीत वाटतो, गाड्या धुवून शोरूममध्ये लावतात ना तसा. पण त्यातल्या दोन गाण्यांवर त्यांचा जुना ड्रमर चार्ली वॉट्सचे ड्रम्स आहेत, तो २०२१ मध्ये गेला त्याच्या आधी रेकॉर्ड केलेले. त्यातल्या 'लिव्ह बाय द स्वोर्ड'मध्ये तर ३० वर्षांपूर्वी बँड सोडून गेलेला बिल वायमन येऊन बेस वाजवून गेलाय. चार्लीची एक सवय होती, स्नेअरवर (मधल्या कडक आवाजाच्या ड्रमवर) फटका मारताना हायहॅटवरचा (झांजांच्या जोडीवरचा) हात उचलून घ्यायचा, त्यामुळे ठेक्यात एक बारीकसा श्वास यायचा. ड्रम्स असलेल्या बाकीच्या गाण्यांवर स्टीव्ह जॉर्डन आहे, जबरदस्त ड्रमर आहे, पण ही दोन गाणी लागली की मान आपोआप वेगळी हलते. असलं काही हिट गाण्यांच्या टूरमध्ये मिळणार नाही, त्यासाठी नवीन रेकॉर्डच काढावं लागतं.

आणि माझ्या दृष्टीने या सगळ्यांच्या वर आहे द क्युअरचा 'साँग्स ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड', नोव्हेंबर २०२४. १६ वर्षांनी आला आणि गाणी किती, तर ८. पहिल्या गाण्यात तीन मिनिटांहून जास्त वेळ नुसती वाद्यं वाजतात आणि मग गायक रॉबर्ट स्मिथ तोंड उघडतो, आणि हेच पहिलं सिंगल म्हणून बाहेर काढलं, आजच्या काळात, जिथे लोक १० सेकंदांत पुढे जातात. हिंमत बघा. १९८९ चा 'डिसइंटिग्रेशन' त्याने तिशी येणार या धास्तीत केला होता, आम्ही तो कॉलेजात डोक्यावर घेतला, आता मागे वळून बघितलं तर हसू येतं, तिशीला काय घाबरायचं. या अल्बमच्या वेळी तो ६५ चा होता, आई-वडील आणि मोठा भाऊ गेल्यानंतरची ही गाणी आहेत, एक तर सरळ भावाच्या जाण्यावरच आहे. तेव्हाची कल्पनेतली भीती आता खरी झालीये आणि आवाज मात्र जवळपास तसाच, ते ऐकताना अंगावर येतं. हा अल्बम तिशीतला माणूस करूच शकला नसता.

वेळ घेतला की चांगलं होतं असंही नाहीये हां. गन्स एन' रोझेसचा 'चायनीज डेमॉक्रसी' २००८ ला आला, आधीच्या अल्बमनंतर १५ वर्षांनी, ७१ मिनिटं, गिटारवर गिटार, त्यावर ऑर्केस्ट्रा, त्यावर परत गिटार. त्यांच्या गायकाला, ॲक्सलला, 'बस कर' म्हणणारे सगळे तोवर निघून गेले होते.

नुसत्या टूर कराव्यात म्हणता त्याबद्दल एवढंच की आयर्न मेडनने २००६ मध्ये आख्खा नवीन अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्टेजवर वाजवला होता, पब्लिक जुनी गाणी मागत कुरकुरत होतं तरी. मला तेव्हा ते आगाऊपणाचं वाटलेलं. आता वाटतं म्हणून तर ते अजून बँड आहेत, स्वतःचीच नक्कल करणारी पार्टी झालेले नाहीत. आणि हो, त्यांचा २०२१ चा 'सेनजुत्सू' ८२ मिनिटांचा आहे, शेवटची तिन्ही गाणी १० मिनिटांच्या वरची आणि तिन्ही एकट्या स्टीव्ह हॅरिसने, त्यांच्या बेसवाल्याने, लिहिलेली, म्हणजे माझ्या हिशोबाने फेकून द्यायला हवा, पण त्यातलं 'हेल ऑन अर्थ' मी महिन्यातून दोनदा तरी ऐकतो. फॅन माणसाकडून लॉजिकची अपेक्षा करू नका. जूडास प्रीस्टचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड' (२०२४) पण ऐका, गायक हॅलफर्ड ७२ चा होता आणि गिटारिस्ट ग्लेन टिप्टनला पार्किन्सन्स, हे माहीत नसेल तर ऐकून कळणारही नाही.

आता तुमच्या '७२ सीझन्स'चं काय करायचं ते सांगतो. एक म्हणजे जुना अल्बम ऐकून लगेच नवीन लावू नका, त्यात नवीनच मरणार, कारण जुन्याबरोबर तुमचं तेव्हाचं वयही वाजत असतं. दुसरं, बँडने छाटलं नाही ना, मग आपण छाटायचं. मी त्यातली ६ गाणी ठेवून बाकीची प्लेलिस्टमधून उडवलीत. 'लक्स एटर्ना' राहिलंय, साडेतीन मिनिटांच्या आत काम तमाम, 'शॅडोज फॉलो' राहिलंय, शीर्षकगीत दोनदा काढून परत घातलं.

शेवटचं 'इनामोराटा' मात्र उडवू नका. ११ मिनिटांचं आहे, त्यांच्या सगळ्या गाण्यांत सगळ्यात लांब, आणि मधे गिटार थांबून नुसता बेस उरतो ना, तो भाग आला की वर मी लांबीबद्दल जे काय लिहिलंय ते सगळं विसरायला होतं.