रेंज गेल्यावरही टिकणारे ॲप

तुमचे ॲप बेळगावात वायफायवर नीट चालले म्हणून काम झाले असे धरू नका. तेच ॲप घेऊन खानापूरहून लोंढ्याकडे जाणाऱ्या रेल्वेत बसा. जंगलात रेंज जाते, तरी फोनला वेबसॉकेट (फोन आणि सर्व्हर यांच्यातली सतत उघडी राहणारी जोडणी) उघडेच वाटते आणि पाठवलेले संदेश कुठेच पोहोचत नाहीत. यासाठीच २०११ च्या आरएफसी ६४५५ या वेबसॉकेटच्या मानकात पिंग (जोडणी जिवंत आहे का हे विचारणारा छोटा संदेश) आणि पाँग (त्याचे उत्तर) दिले आहेत. ठरावीक वेळाने पिंग पाठवा, आणि पाँग आले नाही तर जोडणी स्वतःच बंद करा. अँड्रॉइडवर वापरल्या जाणाऱ्या ओकेएचटीटीपी या लायब्ररीमध्ये पिंगचे अंतर आपण दिले नाही, तर पिंग जातच नाही.

पुन्हा जोडताना एक, दोन, चार, आठ सेकंद अशी वाट वाढवत न्या आणि तीत थोडा अनियमित फरक ठेवा, नाहीतर सर्व्हर उठताच सगळे फोन एकदम त्याच्यावर तुटून पडतात.

प्रत्येक संदेशाला क्लायंटनेच, म्हणजे फोनमधल्या ॲपनेच, क्रमांक द्यावा आणि सर्व्हरची पोच येईपर्यंत तो फोनमध्ये जपावा, कारण अशी पोच वेबसॉकेट स्वतःहून देत नाही. माझ्या पहिल्या ॲपमध्ये हा क्रमांक नव्हता, म्हणून पुन्हा आलेला संदेश सर्व्हरला ओळखता आला नाही, आणि निपाणीच्या एका व्यापाऱ्याची तंबाखूची एकच नोंद दोनदा चढली. त्याला उत्तर देताना मला फार वाईट वाटले होते.

ॲप पडद्यावरून मागे (बॅकग्राउंडला) गेल्यावर मात्र सॉकेट टिकवण्याचा हट्ट सोडा आणि पुश नोटिफिकेशन वापरा.