उत्तर: क्लब सतत हरतोय, पैसे देऊन मोठे खेळाडू आणावेत का?

ताई, तुमची पोस्ट परवा रात्री वाचली आणि बराच वेळ झोप लागली नाही. मेलबर्नच्या पश्चिमेकडचा छोटा फुटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) क्लब, मुलगा अंडर-१३ मध्ये खेळतो म्हणून तुम्ही कमिटीवर गेलात, सीनियर्स दर शनिवारी शंभर गुणांच्या फरकाने मार खातायत. आता अध्यक्ष म्हणतायत की साठवलेल्या पैशांतून दोन-तीन नावाजलेले खेळाडू आणू, जिंकायला लागलो की बाकीचं आपोआप मार्गी लागेल. आणि शेजारचा क्लब दरवर्षी फायनल्स, म्हणजे सीझनअखेरची बाद फेरी, खेळतो, मग आपलंच असं का, हा तुमचा प्रश्न. मी याच टेबलाशी बसून गेलोय. मी तेव्हा ट्रेझरर होतो आणि पैसे सोडायची सही माझी होती.

आधीच सांगतो, मी कोच नाही, हा खेळ कधी खेळलेलोही नाही, सांगलीत क्रिकेट खेळून इकडे आलेला माणूस आहे. लीगप्रमाणे नियम बदलतात, ते तुमच्या लीगकडूनच तपासून घ्या. कमिटीची रचना, विमा, वर्किंग विथ चिल्ड्रन कार्ड (मुलांसोबत काम करायचा परवाना) हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

२०१४ चा सीझन सुरू होण्याआधी आमची अवस्था अगदी तुमच्यासारखी होती. कमिटीत सहा जण, त्यातले चौघं पार थकलेले. कुणीतरी बातमी आणली की वरच्या लीगमधला एक रकमन (वर उडवलेल्या चेंडूसाठी उडी घेणारा उंच खेळाडू) मोकळा आहे, त्याचे दोन मित्रही यायला तयार आहेत. सामन्याला प्रत्येकी ६०० डॉलर, सामने १८. म्हणजे ३२,४०० डॉलर, क्लबच्या खात्यात होते त्यातले जवळजवळ सगळे. मी आकडा नीट मांडला, पण या पैशातून दोन वर्षांनी क्लबकडे काय उरणार, हे विचारलं नाही. मलाही जिंकायचं होतं.

आणि जिंकलोसुद्धा. आदल्या वर्षी २ सामने जिंकले होते, त्या वर्षी ७. चेंजरूममध्ये रिंगण करून क्लबचं गाणं म्हणताना माझा घसा बसायचा. बारचा गल्ला वाढला. त्यामुळेच ही चूक ओळखायला इतका वेळ लागला, पहिल्या वर्षी ती यशासारखीच दिसते.

त्याच मे महिन्यातला एक गुरुवार मात्र मी विसरलेलो नाही. एप्रिलमध्ये घड्याळं मागे गेली की ट्रेनिंगच्या वेळेला अंधार पडतो, हे तुम्ही बघताच. आमच्या ओव्हलला, म्हणजे मैदानाला, दिव्यांचे चार खांब होते आणि त्यातले दोनच लागायचे. नवे खेळाडू कामावरून थेट येणार, त्यांच्यासाठी पैसे मोजलेत, म्हणून उजेडाची बाजू सीनियर्सला दिली आणि अंडर-१४ ला स्कोअरबोर्डकडच्या काळोख्या टोकाला पाठवलं. मी जर्सीचे पैसे गोळा करायला तिकडे गेलो, तर त्यांचा कोच, म्हणजे एका मुलाचा बापच, आपल्या गाडीचे हेडलाइट लावून मार्क घ्यायचा, म्हणजे उंच आलेला चेंडू झेलायचा, सराव करून घेत होता. चेंडू खाली असेपर्यंत दिसायचा, वर गेला की नाहीसा व्हायचा. एका पोराच्या नाकावरच येऊन बसला. रक्त फार नव्हतं. त्याची आई टॉवेल घेऊन आली, नाक दाबून धरलं आणि आवाज न चढवता मला विचारलं, “पुढच्या आठवड्यात दिवे लागतील का?” मी म्हटलं, अर्ज केलाय. सीझन संपल्यावर तो मुलगा शेजारच्या क्लबात गेला.

आता नीट बघा, मुलगा एकटा जात नाही. ती आई रविवारी कँटीन सांभाळायची. बाप बाउंड्री अंपायरिंग करायचा, नवीन माणूस लवकर तयारही होत नाही त्या कामाला. आजोबा टाइमकीपर. धाकटी बहीण ऑस्किकमध्ये, म्हणजे छोट्या मुलांच्या फुटी वर्गात. यादीतल्या एका नावावर रेघ मारली आणि कामाच्या तक्त्यात चार जागा रिकाम्या झाल्या. पुढच्या सहा महिन्यांत अशी नऊ घरं गेली. मग उरलेल्यांवर कामाचा बोजा, म्हणून तीही वैतागून निघाली.

ते तीन खेळाडू २०१५ ला राहिले नाहीत. त्यांना दोष देत नाही, दुसऱ्या कुणी सामन्याला २०० डॉलर जास्त दिले, ते गेले. पैशावर आलेला माणूस पैशावर जाणार, यात नवल ते काय. २०१६ ला आमची अंडर-१६ टीमच उभी राहिली नाही. २०१८ ला रिझर्व्ज, म्हणजे सीनियर्सची दुसरी टीम, दोनदा मैदानात उतरवता आली नाही, त्याचा लीगला दंड भरला. त्याच वर्षी शेजारच्या क्लबविरुद्ध १३१ गुणांनी हरलो. त्यांच्या अठरा खेळाडूंत पाच पोरं अशी होती जी २०१४ ला आमच्या अंधाऱ्या टोकाला पळत होती. तो नाकावर चेंडू बसलेला मुलगाही त्यांच्यात होता. सामना संपल्यावर माझ्याकडे चालत आला, हात मिळवला, “कसे आहात” म्हणाला. मी गाडीत जाऊन बसलो.

दिव्यांचंही सांगतो, कारण तो राग अजून गेलेला नाही. मैदान आपलं नसतं, त्यामुळे पालिकेच्या कार्यालयाच्या परवानगीशिवाय खांबाला हात लावता येत नाही. त्या कार्यालयाने आमचा अर्ज तीन वर्षं फिरवला. खांब एका विभागाकडे, वीज दुसऱ्याकडे, मैदानाचं वेळापत्रक तिसऱ्याकडे. दर फोनला नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. तुमचा असा काही अर्ज अडकला असेल तर फोनवर बोलू नका, प्रत्येक वेळी ईमेल करा, अर्जाचा क्रमांक विषयातच टाका आणि स्थानिक नगरसेवकाला एकदा संध्याकाळी ट्रेनिंगला बोलवा. अंधार स्वतः बघितलेला माणूस वेगळं बोलतो. पण खरं सांगायचं तर ३२,४०० डॉलरमध्ये भाड्याचे फिरते दिवे आणता आले असते, आणि ते करण्यापासून त्या कार्यालयाने आम्हाला अडवलं नव्हतं.

तुम्ही विचारलंय की एएफएलमध्येही, म्हणजे देशातल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्येही, काही क्लब कायम वर आणि काही कायम खाली का. लोक एका शब्दात उत्तर देतात, पैसा. मला ते पटत नाही. क्लबने खेळाडूंना एकूण किती पगार द्यायचा याची मर्यादा आणि ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडायची पद्धत, दोन्ही १९८० च्या दशकापासून आहेत, आणि ड्राफ्टमध्ये तळाच्या क्लबला आधी निवड मिळते. मोठ्या क्लबांना सामन्यांच्या चांगल्या वेळा आणि मोठी गर्दी मिळते हे खरं, एन्झॅक डेचा (युद्धस्मृती दिनाचा) सामना १९९५ पासून कॉलिंगवूड आणि एसेंडनच खेळतात, बाकीच्यांना ती कमाई नाही. पण कार्लटनही मोठाच क्लब आहे. १६ प्रीमियरशिप (लीगची विजेतेपदं) असलेला हा क्लब २००२ ला इतिहासात पहिल्यांदा शेवटचा आला, त्याच वर्षी पगाराची मर्यादा मोडल्याबद्दल जबर दंड झाला आणि ड्राफ्टमधल्या वरच्या निवडी गेल्या. त्यांची शेवटची प्रीमियरशिप अजूनही १९९५ चीच आहे. जवळचा रस्ता घेतल्याची किंमत पोरांच्या रांगेत मोजावी लागते, ती अशी.

माझ्या गोष्टीच्या सगळ्यात जवळचं उदाहरण गोल्ड कोस्टचं वाटतं. २०११ ला ते एएफएलमध्ये आले तेव्हा जिलाँग क्लबचा गॅरी अ‍ॅब्लेट त्यांनी आणला, तेव्हाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणावा असा. २०१३ ला त्याने त्यांच्याकडून खेळताना ब्राउनलो मेडलही, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक, जिंकलं. तरुण गुणी पोरंही ड्राफ्टमधून भरपूर मिळाली. पण ती टिकली नाहीत. प्रेस्टिया आणि लिंच रिचमंडला गेले, स्टीव्हन मे मेलबर्न क्लबला गेला, आणि तिघांनी तिकडे जाऊन प्रीमियरशिप जिंकल्या. गोल्ड कोस्टला पहिल्यांदा फायनल्स गाठायला २०२५ उजाडलं. त्या टीममध्ये २०१९ च्या ड्राफ्टमधले पहिले दोन, रॉवेल आणि अँडरसन, क्लबातच राहिलेले होते, आणि सोबत त्यांच्या स्वतःच्या अकादमीत वाढलेली पोरं होती. खेळाडू मिळवायला अडचण कधीच नव्हती, राहावंसं वाटेल अशी जागा व्हायला चौदा वर्षं लागली.

दुसरी गोष्ट, कमिटीचा धीर. रिचमंड २०१६ ला १३ वे आले. चाहते चिडलेले, बोर्ड उलथवायच्या हालचाली, कोच हार्डविकला काढा म्हणून ओरड. क्लबने त्याला ठेवलं, त्याच्याभोवतीची माणसं बदलली, आणि २०१७ ला ३७ वर्षांनी प्रीमियरशिप आली. मग २०१९ आणि २०२० ची. ब्रिस्बेनचा क्रिस फेगन २०१७ ला कोच झाला आणि पहिल्याच वर्षी टीम शेवटची आली. त्याला काढलं नाही. २०२३ ची ग्रँड फायनल ४ गुणांनी गेली, तरी काढलं नाही. २०२४ आणि २०२५ दोन्ही जिंकल्या. या दोन्ही ग्रँड फायनलमध्ये सर्वोत्तम ठरलेला विल अ‍ॅशक्रॉफ्ट हा त्याच क्लबच्या जुन्या खेळाडूचा मुलगा, फादर-सन नियमाने, म्हणजे जुन्या खेळाडूच्या मुलाला त्याच क्लबने घ्यायच्या सवलतीने, आलेला.  तुमच्या-आमच्या क्लबात असे पोरगे दर रविवारी कँटीनसमोर चेंडू उडवत असतात.

हे माझं मत आहे, कोणाला पटणार नाही. एखादा पैसे घेणारा खेळाडू-कोच आणणं मी चूक मानत नाही, तो पोरांनाही शिकवणार असेल तर. आता व्हिक्टोरियात पॉइंट्सची पद्धतही आहे, स्वतःच्या क्लबात वाढलेल्या खेळाडूचे पॉइंट कमी, वरून आलेल्याचे जास्त, आणि टीमच्या एकूण पॉइंट्सवर मर्यादा. म्हणजे नियमच सांगतोय की ज्युनिअर सांभाळा. आम्ही २०१९ पासून पैसा तिकडे वळवला. ज्युनिअर कोचेससाठी एक अनुभवी माणूस मानधनावर ठेवला, दिवे भाड्याने आणले, मंगळवारी उजेडाची बाजू मुलांना आणि मुलींना दिली. २०१७ ला एएफएल विमेन्स सुरू झाल्यापासून मुली विचारत यायच्या, त्यांना आम्ही दोन वर्षं “बघू” म्हणत होतो, तेही चुकलंच. आज मुलींच्या तीन टीम आहेत आणि कमिटीतल्या निम्म्या जागा त्यांच्या पालकांनी भरल्यात. सीनियर्स अजून फायनल्सला गेलेले नाहीत. पण रिझर्व्ज दर शनिवारी उतरते.

जाता जाता एक. तुमच्या ओव्हलवर उन्हाळ्यात क्रिकेट क्लब असेलच. फेब्रुवारीत तिकडे जाऊन उभ्या राहा. आपल्याकडची कितीतरी पोरं तिथे असतात, उंच झेल घ्यायची त्यांना सवय असते, आणि त्यांच्या आईबापांना फुटीची भीती वाटते ती टॅकलची. त्यांना लहान वयोगटांत टॅकल कसा शिकवतात ते मैदानावर दाखवा, पत्रक वाटून उपयोग नाही. कँटीनमध्ये मीट पाय (मांस भरलेला भाजलेला पदार्थ) असतो, त्याच्याशेजारी शाकाहारी काहीतरी ठेवा. आमच्याकडे बटाटेवडे दुसऱ्या क्वार्टरला संपतात. खाण्याचे पालिकेचे नियम मात्र आधी बघून घ्या.

तुमची मीटिंग येत्या मंगळवारी आहे असं लिहिलंय. ठराव मांडायच्या आधी अंडर-१३ आणि अंडर-१५ च्या याद्या छापून न्या. प्रत्येक नावापुढे लिहा, या घरातलं कोण क्लबात कोणतं काम करतं. मग अध्यक्षांसमोर ठेवा आणि विचारा, यातली कुठली घरं गेली तर चालतील. आमच्या तेव्हाच्या याद्या माझ्याकडे अजून आहेत, नावं झाकून पाठवतो, हव्या असतील तर मेसेज करा.