ट्यूब घ्यावी की होडी?

प्रश्न : नमस्कार काका. आम्ही गेल्या वर्षी नाशिकहून ब्रिटिश कोलंबियात, कॅमलूप्सला आलो. इथल्या तलावांवर ट्राउटसाठी फ्लाय फिशिंग शिकतोय, पण काठावरून फेकलेला फ्लाय (किड्यासारखा दिसणारा नकली गळ) मासे असतात तिथवर पोचतच नाही. फ्लोट ट्यूब घेऊ, पॉन्टून (फुगवलेल्या दोन नळ्यांवर सांगाडा आणि बैठक), की ॲल्युमिनियमची छोटी होडी? राहतो फ्लॅटमध्ये, गाडी लहान. बायको कधीकधी सोबत येते; तिला माशांत रस नाही, पुस्तक वाचत बसते.

उत्तर : मी मालवणचा. आमच्याकडे गरवायला जायचं म्हणजे आजोबांच्या होडीत चढायचं, निवडानिवड कसली! इथे माणसं फुगवलेल्या ट्यूबमध्ये बसून मासे धरताना पाहिली तेव्हा मी हसलो होतो. पुढच्याच महिन्यात स्वतः घेतली.

तुम्हीही ट्यूबच घ्या. डिकीत मावते, कपाटात राहते. वेडर्स (छातीपर्यंतची जलरोधक विजार) आणि पायांत पोहण्याचे फिन्स घालून उलटं चालत पाण्यात शिरायचं, मग पाय मारत मागे मागे सरकायचं. त्या संथ चालीत मागे सोडलेल्या लीचवर, म्हणजे जळूसारख्या फ्लायवर, ट्राउट फार छान लागतो. हवा मात्र पाण्यात उतरल्यावर पुन्हा तपासा. उन्हात टम्म भरलेली ट्यूब गार पाण्यात ढिली पडते. आणि उलटंही होतं : माझी पहिली ट्यूब जेवणाच्या सुट्टीत काठावर उन्हात तापून शिवणीत फाटली.

ट्यूबचा खरा वैरी वारा. टंकवा तलावावर एकदा दुपारी वारा सुटला. तासभर पाय मारले, गाडी होती तिथेच, मी मात्र भलत्याच काठाला. फिन्स हातात घेऊन वेडर्समध्ये चालत आलो. तेव्हापासून ट्यूब फक्त लहान, झाडांच्या आडोशातल्या तलावांवर.

टंकवासारख्या ठिकाणी होडी भाड्याने घ्या. तिथे कायरोनॉमिड चालतो, म्हणजे चिलटाच्या कोषासारखा बारीक फ्लाय. इंडिकेटरखाली (दोरीवरचा तरंगता बोंडा) पंधरा-वीस फुटांवर तो जवळजवळ स्थिर लटकला पाहिजे. एकाच नांगरावर होडी वाऱ्याने डोलते, गळाची दोरी तिरपी होते, फ्लाय ओढला जातो. म्हणून पुढे एक, मागे एक असे दोन नांगर हवेत. भाड्याच्या होडीत बहुधा एकच असतो, दुसरा घरून न्या. वहिनींचं पुस्तकही होडीतच शोभेल.

पॉन्टून तुमच्या कामाचं नाही : माणूस एकच मावतो, आणि सांगाडा फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार? पुढेमागे स्वतःची होडी घेतलीत, तर लक्षात ठेवा, साधी इलेक्ट्रिक मोटर लावली तरी कॅनडात चालवणाऱ्याकडे ऑपरेटर कार्ड (होडी चालवता येते याचा दाखला) लागतं.

आणि लाइफजॅकेट अंगात घाला, होडीत ठेवू नका. मे महिन्यात इथलं पाणी नुकतंच बर्फातून सुटलेलं असतं. मालवणात पडलो की पोहत यायचो, इथे ती गंमत नाही.