अ‍ॅपमधला शुक्र, आकाशातला शुक्र

प्रश्न : मोबाइलवर स्टेलॅरियम हे अ‍ॅप घेतले आहे. त्यात शुक्र मोठा करून पाहिला की चंद्रासारखी कोर दिसते. गच्चीवरून मात्र नुसता तेजस्वी ठिपका दिसतो. अ‍ॅपमधले चित्र काल्पनिक समजावे काय? शिवाय फोन आकाशाकडे धरला, तर चंद्रसुद्धा जागा सोडून दिसतो. (एक वाचक, मिरज)

उत्तर : चित्र काल्पनिक नाही. त्या क्षणी शुक्राचा किती भाग उजळलेला दिसेल, हे अ‍ॅप गणिताने काढते. अडचण आपल्या डोळ्यांची आहे. सुमारे ६० विकलांहून, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाहून लहान आकार डोळ्यांना ओळखता येत नाही आणि शुक्राचे बिंब सूर्यापलीकडे असताना १० विकला, तर पृथ्वीच्या अगदी जवळ आल्यावर जेमतेम ६० विकला भरते.

एक प्रयोग जरूर करून पाहावा. अ‍ॅपमध्ये १० जानेवारी २०२५ ही तारीख आणि संध्याकाळी सातची वेळ घालावी. त्या दिवशी शुक्र सूर्यापासून ४७ अंशांवर होता आणि त्याचे बिंब जवळजवळ अर्धे उजळलेले होते. आता चित्र लहानमोठे न करता तारीख एकेक आठवड्याने पुढे न्यावी, म्हणजे बिंब वाढत जाते आणि उजळलेला भाग मात्र आक्रसत जातो, हे डोळ्यांसमोर घडताना दिसते. फेब्रुवारीच्या मध्यात जेमतेम पाव भाग उजळलेला असूनही शुक्र सर्वांत तेजस्वी होता, कारण तो तोवर बराच जवळ आला होता. २३ मार्चला तो पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून गेला. हे चक्र सुमारे ५८४ दिवसांचे असते. अशी पाच चक्रे आठ वर्षांना दोनेक दिवस कमी असताना पूर्ण होतात, म्हणून मार्च २०३३ मध्ये पुन्हा जवळपास हेच दृश्य दिसेल. शुक्र सूर्याभोवती फिरतो याचा पुरावा गॅलिलिओला १६१० साली दुर्बिणीतून याच कलांमध्ये मिळाला.

प्रत्यक्ष कोर पाहायची, तर शुक्र संध्याकाळच्या आकाशात कोरीच्या रूपात असेल तेव्हा दहा पट मोठे दाखवणारी द्विनेत्री (बायनॉक्युलर) पुरते. ती कठड्यावर टेकवावी, कारण हात हलला की कोर विस्कटते. काळोखाची वाट पाहू नये. काळ्या आकाशात शुक्राच्या झगमगाटातच कोर हरवते. सूर्य पूर्ण मावळल्यानंतरच्या पंधरावीस मिनिटांत, आकाश अजून निळसर असताना ती सर्वांत रेखीव दिसते. सूर्य क्षितिजाच्या वर असताना त्या बाजूला द्विनेत्री कधीही रोखू नये. डोळा कायमचा जाऊ शकतो. मंगळाची मात्र कोर शोधू नये. तो पृथ्वीच्या कक्षेबाहेर असल्याने त्याचा उजळलेला भाग सुमारे ८४ टक्क्यांच्या खाली जात नाही.

चंद्र सरकलेला दिसतो, तो दोष बहुधा फोनमधल्या होकायंत्राचा असावा. लोखंडी ग्रिल, पाण्याच्या टाकीचा सांगाडा, चुंबकाची पट्टी असलेले कव्हर यांनी ते चुकते. आमच्या गच्चीवर टाकीजवळ उभे राहिले, की चंद्र चांगला वीतभर बाजूला जातो. चार पावले दूर गेले, की जागेवर येतो. कव्हर काढून फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवावा आणि चंद्राशी जुळवून पाहावे.

प्रश्न : ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस पंचांगात गुरू कर्केत होता, अ‍ॅप मात्र मिथुन दाखवत होते. खरे कोणाचे? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : दोन्ही खरे आहेत, मोजणी वेगळी आहे. पंचांगातील राशी म्हणजे ३० अंशांचे बारा समान भाग. अ‍ॅप मात्र आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ठरवलेल्या तारकासमूहांच्या सीमा दाखवते. त्या सारख्या रुंदीच्या नाहीत आणि सूर्याचा मार्ग भुजंगधारी या तेराव्या समूहातूनही जातो. त्या दिवसांत गुरू पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ होता. ते तारे मिथुन तारकासमूहात आहेत, तर पुनर्वसू नक्षत्राचा चौथा चरण, म्हणजे शेवटचा पाव भाग, पंचांगाच्या हिशेबाने कर्केत मोडतो. नक्षत्रावर दोघांचे एकमत होते, आणि आकाशात गुरू शोधायला नक्षत्रच अधिक उपयोगी पडते.