दोन पानी यादी घरीच ठेव

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. पान पाठपोट भरलेलं, लाल पेनाच्या खुणा, आणि समासात जागोजागी 'हे तर ऐकवायलाच हवं!' इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आपल्या श्रवणाच्या बैठकीत जॅझ लावायची पाळी तुझ्यावर आली, हे फार छान झालं. पण यादी वाचून जरा धास्तीच वाटली. दोन तासांत एवढं सगळं वाजवलंस तर मंडळी दमतील आणि जिना उतरताना म्हणतील, "चांगलं होतं हो, पण सगळं एकसारखंच वाटलं." तेव्हा ती यादी घरीच ठेव आणि तीन रेकॉर्ड घेऊन ये.

आधी कोण ऐकणार आहे ते बघ. अमीर खाँसाहेबांचा झूमरा तालातला विलंबित ख्याल ज्यांच्या अंगात मुरलाय, कुमारजींना, म्हणजे कुमार गंधर्वांना, ऐकायला जे देवासला जाऊन बसत, अशी ही माणसं आहेत. त्यांना 'संगीत कसं ऐकावं' हे शिकवायला जाऊ नकोस. अडचण वेगळीच आहे आणि ती नेमकी आहे: त्यांच्या कानात तानपुरा आहे. षड्ज एकदा लागला की बैठक संपेपर्यंत तो जागचा हलत नाही. जॅझमध्ये मात्र खालचा आधार दर दोन-चार मात्रांना बदलत राहतो, आणि मुरलेल्या कानाला नेमकं तेच खटकतं. बुजुर्गांपैकी कोणी 'गोंगाट' म्हणालं, तर अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की सा कुठे आहे ते सापडलं नाही.

म्हणून सॅक्सोफोनवाल्या जॉन कोलट्रेनचं 'जायंट स्टेप्स' यादीतून काढ. तुला ते का आवडतं ते कळतं मला. पण त्यात तीन षड्ज भरधाव वेगात एकमेकांची जागा घेत राहतात. पहिल्याच बैठकीत ते लावणं म्हणजे पाहुण्याला दारातच ठसका लागेल असं तिखट वाढणं.

त्याऐवजी ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या रेकॉर्डमधलं 'सो व्हॉट' घे. सगळेच तेच सुचवतात, म्हणून तुला ते शिळं वाटेल, तरी घे. या मंडळींसाठी त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही मला माहीत नाही. हार्मोनियम घेऊन आधी दोन मिनिटं दाखव: पांढरी दोनला षड्ज धरला तर काफी थाटाचे स्वर. त्यावर सोळा बार, प्रत्येक बार चार मात्रांचा. मग सगळा मांड तसाच उचलून अर्धा सूर वर, म्हणजे काळी दोनला, आठ बार. पुन्हा आठ बार पांढरी दोन. असं बत्तीस बारांचं आवर्तन, आणि सव्वानऊ मिनिटं तेच फिरत राहतं. षड्ज हलतो, पण एकदाच हलतो आणि कधी हलणार ते आधी माहीत असतं. मग बघ, ही माणसं दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनातच बोटांवर मोजू लागतील आणि तो चढ आला की माना हलतील. तुला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

या रेकॉर्डबद्दल आणखी दोन गोष्टी, आणि दोन्ही तुझ्या कामाच्या. सुरुवातीला पियानो आणि बास (ते उभं, जाड तारांचं खर्जातलं वाद्य) लयीशिवाय थोडं वाजवतात. मग मुखडा येतो तो बासवर, पॉल चेंबर्सच्या हातून, आणि बाकीची वाद्यं त्याला दोन-दोन सुरांनी उत्तर देतात. फोनवर किंवा त्या तळहाताएवढ्या स्पीकरवर तो बास ऐकूच येत नाही, म्हणजे मुखडाच नाहीसा होतो आणि उरतात ती नुसती उत्तरं. तेव्हा आमच्याकडचे जुने लाकडी स्पीकर घेऊन जा. रिक्षात मावतात. आणि रेकॉर्ड चालू असताना शेवेची बशी फिरवू देऊ नकोस. पॉल चेंबर्स आणि इंदुरी शेव एकदम ऐकता येत नाहीत. पोहे-जिलबी, शेव सगळं आधी उरकून घ्या.

दुसरी गोष्ट सुराची. 2 मार्च 1959 ला न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या 30 व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत पहिली बाजू ध्वनिमुद्रित झाली, तेव्हा टेपचं यंत्र किंचित हळू चालत होतं. त्यामुळे नेहमीच्या वेगाने वाजवलं की तबकडीवर तीन रचना किंचित चढ्या सुरात वाजतात, आणि त्यांतच 'सो व्हॉट' आहे. 22 एप्रिलला मुद्रित झालेली दुसरी बाजू ठीक होती. 1992 च्या आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली. एरवी याने काही बिघडत नाही, पण तू हार्मोनियम घेऊन बसणार आणि समोर असे कान! आपल्या पेटीशी जुळणारी आवृत्ती कोणती ते घरीच तपासून ठेव, नाहीतर पहिला अर्धा तास 'पेटी उतरली आहे की रेकॉर्ड चढली आहे' यातच जाईल. आपली मंडळी या वादात जेवणसुद्धा विसरतात.

टाळीचंही सांगून ठेव. आपला हात समेवर पडतो. यांच्याकडे चार मात्रांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठोका असतो, ड्रमवाल्याच्या पायाखालची झांज तिथेच वाजते. पहिल्या मात्रेवर टाळ्या पडू लागल्या की सगळी चाल लष्करी होऊन जाते.

दुसरी रेकॉर्ड लुई आर्मस्ट्राँगची, 'वेस्ट एंड ब्लूज', 28 जून 1928, शिकागो. पण तिच्याकडे जायचा रस्ता आपल्या घरातून काढ. आपल्या बैठकीतल्या कित्येकांना चितळकरांची, म्हणजे सी. रामचंद्रांची, गाणी तोंडपाठ आहेत. 1951 च्या 'अलबेला'तलं एखादं नाचाचं गाणं मिनिटभर लाव आणि विचार, हा ट्रम्पेट कुणाचा? चिक चॉकलेट, मूळ गोव्याचे अँटोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचे, चितळकरांच्या वाद्यवृंदात वाजवायचे, आणि लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. एवढं झालं की लगेच मूळ आर्मस्ट्राँग लाव. सुरुवातीला साथीशिवाय एकट्या ट्रम्पेटची जी झेप आहे, तिला दाद द्यायला ओळख लागत नाही. पुढे तो शब्दांशिवाय नुसत्या आवाजाने क्लॅरिनेटशी बोलतो, अर्ल हाइन्सचा पियानो येतो, आणि शेवटाकडे ट्रम्पेटचा एकच उंच सूर चार बार धरून ठेवलेला. दमसास म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. हे सगळं साडेतीन मिनिटांच्या आत, कारण मिनिटाला 78 फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीवर त्याहून फारसं जास्त मावत नव्हतं. आपल्या जुन्या खाँसाहेबांनीही ख्याल असेच आवळून तबकड्यांवर बसवले. तेव्हा खरखरीबद्दल क्षमा मागत बसू नकोस, या लोकांनी याहून वाईट खरखरीतून अब्दुल करीम खाँ ऐकलेले आहेत.

तिसरी, कोलट्रेनचं 'माय फेव्हरिट थिंग्ज', ऑक्टोबर 1960. तीन मात्रांची झुलती चाल आहे. दादरा ताल धरणारे आपोआप दादरा धरतील, धरू दे. चाल मुळात ब्रॉडवेच्या एका संगीत नाटकातली. तो ती सोप्रानो सॅक्सोफोनवर घेतो, आणि मधल्या विस्तारात खालचा आधार बराच वेळ एका जागी घुटमळत राहतो. त्यामुळे आपल्या कानाला तिथे निवांत बसता येतं. पावणेचौदा मिनिटं आहेत. कापू नकोस. कुणाला शहनाई आठवेल, कुणी तसं बोलूनही दाखवेल.

मात्र 'हे आपल्या रागासारखंच आहे' हे तू म्हणू नकोस. मी स्वतःच काफी आणि दादरा सांगितला, मान्य. दार उघडायला तेवढं पुरे. त्यापुढे गेलीस तर ते खोटं ठरतं. काफीचे स्वर आले म्हणजे काफी राग होत नाही हे समोर बसलेल्या कुणालाही ठाऊक आहे, आणि कोलट्रेन राग मांडायला बसलेला नव्हता. 'दोन्हीकडे उपज असते', म्हणजे वाजवता वाजवता नवं सुचतं, हे वाक्यही इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले. उपज कशावर उभी आहे हे सांगता येत असेल तर सांग, नाहीतर रेकॉर्ड लाव.

बोलायचं किती, हे मी विलिस कोनोव्हरकडून शिकले. 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या अमेरिकी सरकारच्या परदेशांसाठीच्या रेडिओवर 1955 पासून त्याचा जॅझचा कार्यक्रम असायचा. आम्ही तो शॉर्टवेव्हवर, एरियलची तार गच्चीवर नेऊन, रात्री ऐकायचो. खोल आवाज, आणि इंग्रजी इतकं सावकाश की इंग्रजी कच्चं असलेल्यालाही कळावं. वादकांची नावं सांगायचा, आणि मग बाजूला व्हायचा. जगभर त्याला ऐकणारे होते, पण त्याच्या स्वतःच्या देशात तो फारसा कुणाला माहीत नव्हता, कारण ते प्रसारण अमेरिकेतल्या श्रोत्यांसाठी करायला कायद्यानेच बंदी होती. तुला हवं असेल तर तोच कित्ता गिरव: नावं, तारीख, गाव, काय ऐकायचं त्याची एक खूण, आणि मग गप्प. कुणाच्या चेहऱ्याकडे बघत बसू नकोस. आपण आवडीचं लावून समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहिलो की तो बिचारा ऐकायचं सोडून आपली मर्जी राखायला लागतो.

नावांच्या बाबतीत मी हट्टी आहे, तुला माहीत आहे. तू मला फाइली पाठवतेस त्यांवर नुसतं 'ट्रॅक 3' असतं. कोण वाजवतंय? जिमी कॉबचा ड्रम आहे की आणखी कुणाचा? 'काइंड ऑफ ब्लू'मध्ये सगळीकडे बिल इव्हान्स पियानोवर आहे, पण 'फ्रेडी फ्रीलोडर'मध्ये विंटन केली बसलाय. हे सांगितलं नाही तर ऐकणारा केलीची दाद इव्हान्सला देऊन मोकळा होतो. आपण 'तबल्यावर कोण होतं' हे विचारल्याशिवाय राहत नाही, मग इथे का सूट? छोट्या कार्डावर लिहून ने आणि बैठकीनंतर ज्याला हवं त्याला उतरवून घेऊ दे.

गोष्टी मात्र राखून सांग. जॅझभोवती गोष्टी फार, आणि त्या इतक्या चटका लावणाऱ्या की संगीत मागे पडतं. बिल इव्हान्सच्या त्रयीचं 'व्हिलेज व्हॅनगार्ड' क्लबातलं ध्वनिमुद्रण तुझ्या यादीत आहे, 25 जून 1961, रविवार. पुढच्या खेपेला ते जरूर लाव. पेले वाजतात, लोक कुजबुजतात, आणि त्यातून बास पियानोच्या पाठीमागे न राहता त्याच्याशी बरोबरीने बोलतो. तो बास वाजवणारा स्कॉट लाफारो त्यानंतर अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता. हे आधी सांगितलंस तर सगळे मरण ऐकतील, बास कुणी ऐकणार नाही. वाजवून झाल्यावर सांग.

तसंच माइल्सचं. 'काइंड ऑफ ब्लू' 17 ऑगस्ट 1959 ला बाहेर आली आणि 25 तारखेला, 'बर्डलँड' क्लबच्या बाहेर, जिथे तो स्वतः वाजवत होता तिथेच पोलिसांनी त्याला डोकं फुटेपर्यंत मारलं. हे सांगायलाच हवं. ती रेकॉर्ड म्हणजे संध्याकाळी चहाबरोबर लावायची मंद, गोड चीज, असा समज मला आवडत नाही. पण हेही नंतर. बिली हॉलिडेचं 1939 चं 'स्ट्रेंज फ्रूट' तेवढं उलट. ते झाडाला टांगून मारलेल्या काळ्या माणसांबद्दल आहे, शब्दांचा अर्थ आधी सांगितल्याशिवाय लावायचं नाही, आणि त्याच्यामागून लगेच दुसरं काही लावायचं नाही. या खेपेला ते नकोच.

कुणी म्हणालं 'हे काही झेपलं नाही', तर समर्थन करू नकोस. कोणत्या जागी सुटलं ते विचार, आणि जमलं तर तेवढीच जागा पुन्हा लाव. कुणाला अजिबात आवडलं नाही तर नाही आवडलं. माझ्या यजमानांना इतकी वर्षं माझ्यासोबत राहूनही सॅक्सोफोन आवडलेला नाही, संसार व्यवस्थित चालला आहे. आणि तुझं झाल्यावर त्यांच्यापैकी कुणाला त्यांचं काही लावायला सांग. अमीर खाँसाहेबांचा मारवा राग कोलट्रेननंतर ऐकायला मिळाला तर मला स्वतःला फार हवा आहे. इंदूरच्या बैठकीत नाही लावायचा तर कुठे?

कोलट्रेनचं 'अ लव्ह सुप्रीम' बैठकीत लावावं का, असं तू विचारलंस. माझं मत, नको. चार भाग, तेहेतीस मिनिटं, आणि शेवटच्या भागात कोलट्रेन ईश्वराला उद्देशून स्वतः लिहिलेली कविता अक्षर-अक्षर सॅक्सोफोनवर म्हणतो. ती कविता वेष्टनावर छापलेली आहे. ती समोर धरून, एकेक ओळ बोटाने जुळवत ऐकायचं काम दोघांचं असतं, फार तर तिघांचं. बैठकीत एक आजोबा आहेत बघ, पहाटे अभंग म्हणत फिरायला जातात ते. त्यांच्या घरी जा. कवितेचं मराठी आधी वाचून दाखव, मग सगळं सलग लाव. त्यांना काय वाटलं ते मला कळव, मला खरंच उत्सुकता आहे.

रविवारी येतेच. मागे बसेन, मध्ये बोलणार नाही.

तुझी,
काकू

ता. क. : फुकटातल्या ॲपवरून लावणार असशील तर कोलट्रेन संपायच्या आत साबणाची जाहिरात लागेल. गाणी आधी उतरवून घे आणि फोन विमान मोडवर टाक. दोनांपैकी एकाच स्पीकरची लाल-काळी तार उलटी जोडली जाऊ देऊ नकोस, बास पातळ होतो.